युरी लोटमन कुठून वाचायला घ्यावा? आणि हा माणूस तार्तूत काय करत होता?

साखळीची_वाचक

नमस्कार मंडळी. गोवा विद्यापीठात मराठी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चर्चासत्रासाठी आम्ही चिठ्ठ्या काढल्या, माझ्या चिठ्ठीत युरी लोटमन निघाला. मैत्रिणीला बाख्तिन मिळाला. तिला निदान विचारायला माणसं तरी आहेत. माझ्या हाती फक्त व्याख्या. जिथे बघावं तिथे 'सेमिओस्फिअर म्हणजे चिन्हव्यवस्थांचा अवकाश' एवढं एक वाक्य, खाली एकात एक काढलेली वर्तुळं, आणि लगेच पुढचा विचारवंत. परीक्षेत तेवढ्यावर भागेल, पण वर्गापुढे उभं राहून बोलायचं तर काय बोलू?

मुळात माणूस कोण होता तेच हाताला लागत नाही. एका ठिकाणी 'एस्टोनियन साहित्याभ्यासक', दुसरीकडे 'रशियन', तिसरीकडे 'सोव्हिएत'. जन्म पेत्रोग्रादचा (म्हणजे पुढचं लेनिनग्राद), नोकरी मात्र जन्मभर एस्टोनियातल्या तार्तूत. नकाशावर शोधलं तर तार्तू जेमतेम आपल्या मडगावाएवढं. एवढा मोठा माणूस तिथे का राहिला?

शिवाय माझा लघुप्रबंध फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणावर आहे. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, "लोटमनची सीमेची कल्पना लावून बघ." लावून बघ म्हणजे नक्की काय करू? ठिगळ दिसायला नको आहे. कोणी वाचला असेल तर सांगा. रशियन येत नाही, इंग्रजी जमतं.

---

पणजीचा_ग्रंथपाल

आधी तारखा देतो, म्हणजे घोळ होणार नाही. जन्म २८ फेब्रुवारी १९२२, पेत्रोग्राद, ज्यू कुटुंब. १९३९ला लेनिनग्राद विद्यापीठात प्रवेश, १९४०ला सैन्यात भरती, युद्ध संपून सुटका झाल्यावर परत शिक्षण, १९५०ला पदवी. त्याच वर्षी तार्तूच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत नोकरी, १९५४पासून तार्तू विद्यापीठात. १९६०पासून १९७७पर्यंत रशियन साहित्य विभागाचे प्रमुख. मृत्यू २८ ऑक्टोबर १९९३, तार्तूतच.

एस्टोनिया १९४०मध्ये सोव्हिएत संघात ओढला गेला आणि १९९१ला पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणजे लोटमन आला तो एका सोव्हिएत प्रजासत्ताकात, आणि गेला तो स्वतंत्र एस्टोनियात. तुला वेगवेगळी लेबलं दिसतात ती त्यामुळे. खोकी बदलत गेली, माणूस तिथेच होता.

इंग्रजीतलं 'युनिव्हर्स ऑफ द माइंड' (१९९०, अनुवाद अ‍ॅन शुकमन, प्रस्तावना उंबेर्तो एको) आधी शोध. पुढचं फोंड्याचे मास्तर सांगतील, ते हा धागा सोडणार नाहीत.

---

फोंड्याचे_मास्तर

सोडणार कसा. बाय, तारखा मिळाल्या ते बरं झालं. आता मी तुला १९५० सालात नेतो, कारण हा माणूस समजायचा तर ते एक वर्ष समजलं पाहिजे.

लोटमन युद्धात तोफखान्यात होता, टेलिफोनवर. पुढचा निरीक्षक आणि मागच्या तोफा यांच्यामधली तार गोळीबारात तुटली की रांगत जाऊन ती जोडायची, हे काम. पुढे ज्याने 'संदेश पोचताना वाटेत काय होतं' यावर आयुष्य घातलं, त्याचं हे प्रात्यक्षिक म्हण हवं तर. परत येऊन लेनिनग्रादला शिकला तो कोणाकडे? प्रॉप, आयखेनबाउम, तोमाशेव्स्की, गुकोव्स्की, सगळे गाजलेले साहित्याभ्यासक. आपल्या अभ्यासक्रमात यातली दोन-तीन नावं असतात, पण तिथे ती जिवंत माणसं वर्गावर येत होती. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती पंगत उठली. १९४९मध्ये 'विश्वबंधुत्ववाद्यां'विरुद्ध मोहीम निघाली. खरा रोख ज्यूंवर होता. आयखेनबाउमना काढलं. गुकोव्स्कींना अटक झाली आणि पुढच्या वर्षी ते कोठडीतच गेले. अशा वर्षी हा ज्यू मुलगा उत्तम गुणांनी पास होऊन बाहेर पडला. लेनिनग्रादमध्ये नोकरी कोण देणार?

एका सहाध्यायी मुलीकडून कळलं की तार्तूच्या शिक्षक संस्थेत जागा आहे. फोन केला, गाडीत बसला, गेला. बस. त्यात तत्त्वज्ञान नव्हतं. आमच्याकडे नवीन मास्तराला काणकोणच्या टोकाची शाळा मिळाली की घरचे म्हणायचे, 'दोन वर्षं काढ, मग बदली बघू.' त्यानेही तसंच काहीतरी मनात धरलं असणार. पण तो राहिला तो राहिलाच.

का राहिला, याचं माझं उत्तर असं: टोकाला वरच्यांचं लक्ष कमी असतं. तार्तू विद्यापीठाचे त्या वेळचे कुलगुरू फ्योदर क्लेमेंट हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी या माणसाला काम करू दिलं. मॉस्कोत याच सुमारास भाषाशास्त्र, गणित, प्राच्यविद्या असल्या विषयांतले हुशार तरुण चिन्हशास्त्राकडे, म्हणजे भाषा, कथा, चित्रं, रिवाज यांच्याकडे चिन्हं म्हणून बघण्याकडे, वळले होते. १९६२ला त्यांनी मॉस्कोत एक परिसंवाद घेतला आणि वरून टीकेचा भडिमार झाला. त्यांना बसायला जागा हवी होती, लोटमनकडे जागा होती. तार्तूच्या दक्षिणेला कॅरिकू नावाचं ठिकाण आहे, विद्यापीठाचं क्रीडा शिबिर. तळं, जंगल, लाकडी खोल्या. तिथे १९६४च्या उन्हाळ्यात पहिली 'शाळा' भरली. 'चिन्हशास्त्र' हा शब्द वरच्यांच्या डोळ्यांत खुपायचा, म्हणून नाव ठेवलं 'दुय्यम प्रतिमानव्यवस्था'. कुठल्याही तपासनिसाला झोप येईल असं नाव! पुढे १९६६ आणि १९६८लाही तिथेच भरली.

तिथे चर्चा कशाच्या, तर पद्याची लय, देवचित्रं, पुराणकथा, पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची रीत. त्यातले आपल्याला जवळचे दोघे सांगून ठेवतो: धम्मपदाचा रशियन अनुवाद करणारे तोपोरोव, आणि तमिळ वाङ्मयाचे अभ्यासक प्यातिगोर्स्की. म्हणजे भारत तिथे चांगला हजर होता. १९६६ला खुद्द भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन अमेरिकेतून येऊन गेले. ही गंमत कळायला आणखी एक गोष्ट लागते. तार्तूला लागून राडी इथे सोव्हिएत बाँबफेकी विमानांचा तळ होता, त्यामुळे परदेशी माणसाला तार्तूत रात्री मुक्काम करायची मुभा नसे. (पुढे त्या तळावरच्या तुकडीचा प्रमुख होता जोखर दुदायेव, तोच नंतर चेचेन्याचा बंडखोर अध्यक्ष. विषयांतर झालं, पण असल्या गोष्टी मला सोडवत नाहीत.)

सगळं सुखाचं होतं असंही नाही. जानेवारी १९७०मध्ये गुप्त पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. नातालिया गोर्बानेव्स्काया या कवयित्रीच्या प्रकरणाचा धागा त्याच्यापर्यंत आणला होता. १९७७ला विभागप्रमुखपद गेलं. पाश्चात्त्य देशांत जायची परवानगी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नाही. त्याच १९७७ला ब्रिटिश अ‍ॅकॅडमीने त्याला परदेशस्थ सदस्य करून घेतलं होतं, पण स्वतः कुठे जाऊ शकत नव्हता.

आता तुझा दुसरा प्रश्न, कुठून सुरुवात करू. माझं ठाम मत: सेमिओस्फिअरपासून नको. तो लेख १९८४चा आहे, माणूस तेव्हा बासष्ट वर्षांचा. आधी तीस-पस्तीस वर्षं त्याने कागदपत्रं, पत्रं, रोजनिशा, नाचाचे नियम, कर्जाचे व्यवहार वाचले होते. त्या वाचनातून ती कल्पना वर आली. आपल्याकडे चर्चासत्रांत शेवटचं पान आधी फाडून आणतात आणि फळ्यावर चिकटवतात. मग मुलांना वाटतं की लोटमन म्हणजे आकृत्या.

पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन' या पद्यकादंबरीवर त्याने १९८०मध्ये एक टीपाग्रंथ काढला. कोणासाठी? शाळामास्तरांसाठी. मुखपृष्ठावरच तसं म्हटलं आहे, शिक्षकांसाठी साहाय्यक पुस्तक. मी ऐंशीच्या दशकात मुंबईत रशियनचा वर्ग केला होता, तेव्हापासून शब्दकोश मांडीवर घेऊन तोडकंमोडकं वाचतो. हे पुस्तक मला कुठे मिळालं असेल? मोरजीला, एका गेस्टहाउसच्या कपाटात, रशियन पाहुण्यांनी सोडून दिलेल्या पोलिसी कादंबऱ्यांमध्ये. मालकाने ते मला रद्दीच्या भावात दिलं.

त्यातलं द्वंद्वयुद्धाचं प्रकरण तुझ्या वर्गाला सांग. कादंबरीत अनेगिन आपल्या मित्राला, लेन्स्कीला, द्वंद्वयुद्धात मारतो. क्षुल्लक कारण: नाचात चिडवाचिडवी. शतकभर समीक्षक अनेगिनच्या स्वभावावर लिहीत आले, तो निष्ठुर, तो कंटाळलेला. लोटमन काय करतो? द्वंद्वयुद्धाचे नियम काढून बसतो. दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांचं पहिलं कर्तव्य समेट घडवणं. लेन्स्कीचा साक्षीदार झारेत्स्की आव्हान द्यायला आला तेव्हा समेटाचं अक्षर काढत नाही. दुसऱ्या दिवशी अनेगिन झोपून राहतो, खूप उशिरा येतो. नियमाने पाव तास थांबून लढत रद्द करायला हवी होती. वर तो साक्षीदार म्हणून आपला फ्रेंच नोकर आणतो. मानकऱ्यांच्या लढतीत हा उघड अपमान, तिथेही लढत मोडता आली असती. झारेत्स्की प्रत्येक वेळी कानाडोळा करतो. नियम जाणणारा तिथे तोच एक, आणि त्याला तमाशा हवा होता. म्हणजे रक्तपात टाळायला निदान तीन दारं उघडी होती. अनेगिनलाही मारायचं नव्हतं, पण लोक काय म्हणतील या धाकाने तो रिवाजाच्या हातातलं बाहुलं झाला. पुश्किनच्या वाचकांना हे न सांगता कळत होतं, कारण तेही त्याच रिवाजात जगत होते. दीडशे वर्षांनी ते कोणाला दिसेना. लोटमनने दाखवलं.

ही त्याची खरी पद्धत. वागणूकही मजकुरासारखी वाचायची. याच रीतीचा १९७५चा लेख आहे, दिसेंबरवाद्यांच्या रोजच्या वागण्यावर. १८२५च्या उठावातले ते तरुण सरदार नाचाच्या मैफलीला तलवार लावून जायचे, म्हणजे आम्ही नाचायला आलो नाही हे न बोलता सांगायचं. त्यांच्या बायका नवऱ्यांमागे सायबेरियात गेल्या, त्यांनी कवितेत आधी वाचलेलं धाडस प्रत्यक्षात केलं. हा लेख इंग्रजीत मिळतो, १९८५च्या 'द सेमिओटिक्स ऑफ रशियन कल्चरल हिस्टरी' या संग्रहात. तिथून सुरू कर.

आता ख्रिस्तपुराण. सीमेबद्दल लोटमन म्हणतो ते असं: प्रत्येक संस्कृतीला आतलं आणि बाहेरचं असतं, आणि मधली रेघ ही भिंत नसून गाळणी आहे. बाहेरचं आत येताना तिथे आतल्या भाषेत उतरतं. केंद्रात व्याकरण पक्कं होतं, सगळं आखीव होतं, आणि म्हणून तिथे काही घडेनासं होतं. घडामोड काठावर. तो असंही म्हणतो की गावाच्या वेशीवर राहणारी माणसं, मांत्रिक, लोहार, गिरणीवाला, जल्लाद, ही दोन जगांची. हे वाचताना गोंयकाराला आपली गावची शीम आणि तिथला राखणदार देवचार आठवणारच.

आता राईतूरला जाऊन उभी राहा. जुना किल्ला, सेमिनरी, समोर झुआरी. पलीकडे शिरोडा, आमचा फोंडा महाल. १६१६ला फादर स्टीफन्सचं पुराण तिथे छापून निघालं तेव्हा अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. रेघ खरीच डोळ्यांसमोर वाहत होती. इंग्रज माणूस, जेजुईत पाद्री, १५७९ला गोव्यात आला, आणि बायबलची कथा मराठी ओवीत सांगतो. सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती विचारतो की आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी काहीतरी वाचायला द्या. हा प्रसंग सोडू नकोस! सगळे ती मराठीच्या कौतुकाची ओवी तोंडपाठ म्हणतात आणि इथे थांबत नाहीत. बाहेरचा मजकूर आत यायचा तर त्याला आतला आकार लागतो, ही मागणी तिथे एक पात्रच करतं.

आणि नदी ओलांडून ये. त्याच रेघेमुळे १५६०मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. अठराव्या शतकात तिथे मोठं देऊळ उभं राहिलं, आणि त्याच्या शिखराच्या जागी काय आहे? अष्टकोनी बुरूज आणि त्यावर घुमट, चर्चच्या घडणीशी नातं सांगणारा. ज्या बांधणीच्या धास्तीने देव पळाला ती बांधणी त्याच्याच डोक्यावर चढली. अलीकडे मजकूर ख्रिस्ती, आकार मराठी. पलीकडे देव आपला, आकार त्यांचा. एकाच सीमेवर, उलटसुलट दिशांनी. हे दोन्ही शेजारी ठेवलेस तर मॅडम ठिगळ म्हणणार नाहीत.

---

तारवटी_वास्को

मास्तर, वाचायला मजा आली, पण 'काठ काठ' एवढं गोड करू नका. मी जहाजावर इंजिनात आहे. आमचं जहाज टाल्लिनच्या गोदीत दुरुस्तीला होतं तेव्हा सुटीच्या दिवशी बसने तार्तूला जाऊन आलो, अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि बर्च. विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर लोटमनचं स्मारक आहे, २००७चं, माटी कार्मिन या शिल्पकाराचं. पुतळा नाही, कारंजं. धातूच्या नळ्या वळवून केलेलं, आणि त्यातून ती जाड मिशी ओळखू येते. जवळ बसलेल्या एका माणसाशी बोललो. त्याच्या वडिलांनी एस्टोनियन टीव्हीवर लोटमनची रशियन संस्कृतीवरची व्याख्यानं पाहिली होती. अभिमानाने सांगत होता. पण लगेच म्हणाला, आमच्या आधीच्या प्रोफेसरांचीही चौकशी कर.

मग मी केली. एस्टोनियन साहित्याचा पहिला प्राध्यापक गुस्ताव सूट्स, जन्म १८८३. स्वतः कवी. १९०५ला 'तरुण एस्टोनिया' चळवळीतून त्याने हाक दिली की एस्टोनियन राहू, पण युरोपीयही होऊ. तोवर तार्तू विद्यापीठ आधी जर्मनमधून चालायचं, मग झारने रशियन लादलं. १६३२चं विद्यापीठ, आणि एस्टोनियनमधून शिकवायला लागलं १९१९ला! सूट्स १९२१पासून तिथे शिकवत होता. १९४४ला लाल सैन्य परत आलं तेव्हा हजारो लोक होड्यांतून बाल्टिक ओलांडून पळाले. सूट्स स्वीडनला गेला, १९५६ला स्टॉकहोमला वारला. इंग्रजीचा प्राध्यापक आन्ट्स ओरास, मिल्टनचा मोठा अभ्यासक, तोही १९४३लाच स्वीडनला निघून गेला आणि शेवटी अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात शिकवायला लागला. १९३८ला त्याने तरुण कवींचा एक संग्रह काढला होता. त्यातला हेइटी टाल्विक १९४७ला सायबेरियात मेला.

म्हणजे १९५०ला लोटमन गाडीतून उतरला ते गाव नुकतंच रिकामं झालेलं होतं. मॉस्कोहून पाहिलं तर तो काठावर. पण तार्तूतल्या माणसाच्या नजरेने? तो आलेला होता सत्तेची भाषा शिकवायला. त्याचा यात दोष नाही, तोही बिचारा घालवून दिलेलाच. तरीपण ज्याचं केंद्रच उखडलं त्याला 'काठावर घडामोड होते बरं का' हे सांगून काय उपयोग? आपल्याकडेही नदीच्या अलीकडे गाळणी नुसती नव्हती, इन्क्विझिशनचं धर्मन्यायालयही होतं.

---

साखळीची_वाचक

मास्तर, तारवटीदादा, दोघांचेही आभार. मी आज राईतूरचा किल्ला नकाशावर पाहिला, नदी खरोखरच अगदी खाली आहे. इतकी वर्षं मडगावला जाताना बोरीच्या पुलावरून जाते, कधी लक्षात आलं नव्हतं.

पण आता जास्तच गोंधळले. दादांचं म्हणणं घेतलं तर लोटमन वापरायचा की नाही? आणि एक बाजूचा प्रश्न: सगळीकडे 'लोटमन आणि मिंट्स' असं दिसतं. मिंट्स कोण?

---

फोंड्याचे_मास्तर

आधी सोपं. झारा मिंट्स म्हणजे त्याची बायको. पण 'बायको' म्हणून सोडलंस तर चालणार नाही. ती स्वतः अलेक्सांद्र ब्लोक या कवीची पहिल्या दर्जाची अभ्यासक, त्याच विभागात शिकवायची. ब्लोकवरच्या परिषदा आणि संशोधनसंग्रह यांमागे ती होती. तीन मुलगे. घरात पुस्तकं, विद्यार्थी, पाहुणे, कायम राबता. १९८९ला लोटमनला पक्षाघात झाला, १९९०ला झारा इटलीत वारली. त्यानंतरचं त्याचं लेखन बरंचसं सांगून लिहवून घेतलेलं आहे. 'संस्कृती आणि स्फोट' हे पुस्तक १९९२चं, त्या काळातलं. सावकाश बदल आणि एकाएकी होणारा स्फोट यांचा विचार त्यात आहे, आणि खिडकीबाहेर सोव्हिएत संघ कोसळत होता. थोरला मुलगा मिखाइल पुढे स्वतः चिन्हशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि स्वतंत्र एस्टोनियाच्या संसदेवर निवडून गेला. धाकटा आलेक्सेइ, तोही संसदेत, हरित पक्षातर्फे. बापाला लेबल कुठलं लावायचं ते लावा, मुलं तिथली झाली.

तारवटीबाब, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, उलट ते तिने लघुप्रबंधात घालावं. फक्त ते लोटमनच्या विरुद्ध नाही. सीमेच्या दोन बाजू सारख्या असतात असं तो कुठेही म्हणत नाही. विषमता हा त्याचा आवडता मुद्दा आहे: दोघांमध्ये फरक असला तरच संवादाला काम उरतं, आणि बऱ्याचदा एकजण बोलतो, दुसरा नुसता घेत राहतो, मग कधीतरी पारडं फिरतं. बाय, राईतूरला जो नवख्रिस्ती 'आम्हाला वाचायला द्या' म्हणतो, तो मोकळेपणाने मागतोय का? त्याच्या मागे जप्त झालेली पुस्तकं आहेत. पण तो मागतो तेव्हा पाद्र्यालाही ओवी शिकावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आहेत. एकच सांगितलीस तर तुझा प्रबंध एक तर तक्रार होईल, नाही तर आरती.

तुम्ही टाल्विकचं नाव काढलंत, म्हणून हे सांगतो. त्याची बायको बेट्टी आल्वेर, त्याच संग्रहातली कवयित्री. नवरा सायबेरियात गेला, तिला पुढे कित्येक वर्षं स्वतःचं काही छापता येईना, अनुवादांवर दिवस काढले. त्यातला एक अनुवाद कुठला? पुश्किनचा 'येवगेनी अनेगिन', एस्टोनियनमध्ये, पद्यातच, १९६४ला निघाला. कॅरिकूची पहिली शाळा भरली तेच वर्ष. ती तार्तूतच राहत होती. एकाच लहान गावात एकजण त्या पुस्तकावर रशियनमध्ये टीपा लिहायच्या वाटेवर आणि एकजण तेच पुस्तक आपल्या भाषेत आणते, ज्या राज्याने तिचा नवरा नेला त्या राज्याच्या सगळ्यात लाडक्या कवीचं. याला कोणी काही म्हणो, मला ते लोटमनच्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त सांगतं.

आता कामाचं. 'सेमिओस्फिअरविषयी' हा मूळ लेख इंग्रजीत विल्मा क्लार्कच्या अनुवादात २००५च्या 'साइन सिस्टम्स स्टडीज'मध्ये आहे, नेटवर फुकट. हे नियतकालिक लोटमननेच १९६४ला सुरू केलं, पहिला अंक म्हणजे त्याची स्वतःची काव्यशास्त्रावरची व्याख्यानं. आधी दिसेंबरवाद्यांचा लेख, मग हा, मग 'युनिव्हर्स ऑफ द माइंड'चा दुसरा भाग. 'स्ट्रक्चर ऑफ द आर्टिस्टिक टेक्स्ट' आत्ता नको, ते १९७०चं पुस्तक मोठं आहे आणि तुला वेळ नाही. 'नॉन-मेमॉयर्स' म्हणून त्याच्या आठवणी २०१४ला इंग्रजीत आल्या, छोट्या आहेत, बसमध्ये वाचून होतील. युद्धातलं आणि तार्तूच्या फोनचं तिथेच सापडेल.

वर्गात बोलताना अर्धा वेळ द्वंद्वयुद्धाला दे, पाव राईतूरला, उरलेल्यात त्याचं चरित्र. चरित्राने सुरुवात केलीस तर मुलं पहिल्या दहा मिनिटांत मोबाइल काढतील. ख्रिस्तपुराणाचा पहिला अवस्वर (म्हणजे अध्याय) मूळ मजकुरासह नीट वाच, सारांशावर विसंबू नकोस. माझ्याकडे द्वंद्वयुद्धाच्या प्रकरणाचा मी केलेला कच्चा मराठी तर्जुमा वहीत आहे, अक्षर वाईट आहे. फोंड्याला येणार असशील तर आधी निरोप टाक, बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काढून ठेवतो. दुपारी एक ते चार तो दुकान बंद ठेवतो.